चार जगनकाशे एकाच प्रक्षेपणात आणताना

सागरी प्रवाहांचा एक जुना फ्रेंच भिंतनकाशा, वनस्पतींच्या पट्ट्यांचा एक रंगीत नकाशा, लोकसंख्येच्या घनतेचा एक, आणि नासाचं ‘ब्लू मार्बल’ हे उपग्रहचित्र. ही चार चित्रं मला एकावर एक ठेवून पाहायची होती. कुठल्या थंड प्रवाहाच्या काठाला वाळवंट आहे, कुठल्या जंगलाच्या कडेला माणसं दाटली आहेत, हे थर चालू-बंद करत बघता यावं, एवढीच इच्छा. अडचण अशी की चारही नकाशे जगाचे असले तरी एकाचं ग्रीनलँड दुसऱ्याच्या ग्रीनलँडवर बसत नव्हतं. आफ्रिका जुळवली की सायबेरिया सुटायचा, सायबेरिया जुळवला की दक्षिण अमेरिका समुद्रात जायची. चित्र कितीही ताणा, दाबा, फिरवा, ते जुळणार नाही, कारण चौघांची प्रक्षेपणं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याच्या रीती, वेगळी होती.

गोलाचा पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना क्षेत्रफळ, आकार आणि अंतर हे सगळं एकाच वेळी सांभाळता येत नाही. गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये वक्र पृष्ठभागांबद्दल जो सिद्धांत मांडला, त्यातून हे गणितानेच निघतं. म्हणून प्रत्येक प्रक्षेपण काही राखतं आणि काही सोडून देतं. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये कोन राखले, कारण होकायंत्राचा एकच रोख धरून खलाशाला नकाशावर सरळ रेघ आखता यायला हवी होती. त्या बदल्यात क्षेत्रफळ गेलं: ६० अंश अक्षांशावर सगळं चौपट मोठं दिसतं, ८० अंशांवर तेहतीस पट. रॉबिन्सनने १९६३ मध्ये कुठलीच एक गोष्ट पूर्ण राखली नाही, डोळ्याला पटेल अशी तडजोड केली. नॅशनल जिओग्राफिकने ती १९८८ मध्ये स्वीकारली आणि १९९८ मध्ये सोडून विंकेल त्रिपेल हे प्रक्षेपण घेतलं.

माझं काम ताडून बघण्याचं होतं, त्यामुळे मला समक्षेत्र, म्हणजे प्रत्येक प्रदेशाचं क्षेत्रफळ खऱ्या प्रमाणात राखणारं, प्रक्षेपण हवं होतं. घनता म्हणजे क्षेत्रफळाला भागून आलेला आकडा. तो ज्या नकाशावर दाखवायचा त्यावरच क्षेत्रफळ खोटं असेल तर नजर फसते. समक्षेत्र प्रक्षेपणं पुष्कळ आहेत. १८०५ चं मॉलवाइड सुंदर आहे, पण त्याच्या कडेला अलास्का आणि न्यूझीलंड फार तिरके होतात. पीटर्सच्या नकाशात आफ्रिका उभी ताणलेली दिसते, ती मला बघवत नाही. शेवटी ‘इक्वल अर्थ’ घेतलं. बोयान शाव्रिच, टॉम पॅटरसन आणि बर्नहार्ड जेनी या तिघांनी ते २०१८ मध्ये मांडलं. रूप रॉबिन्सनसारखं सुबक, आणि क्षेत्रफळ मात्र तंतोतंत. आज कुणी विचारलं तर जगाच्या विषयनिष्ठ (लोकसंख्या, वनस्पती अशा एकेका विषयाच्या) नकाशासाठी मी हेच नाव आधी सांगेन.

कुठे जायचं ते ठरलं. खरा वेळ गेला तो निघायचं कुठून हे शोधण्यात. चित्राच्या फाइलीत फक्त रंगांचे ठिपके असतात. कुठला ठिपका पृथ्वीवर कुठे आहे याची कसलीही नोंद साध्या जेपीजीत नसते. उपग्रहचित्राचं सोपं होतं. ब्लू मार्बल ज्या मांडणीत मिळतं तिला प्लात कारे म्हणतात: आडवा अक्ष म्हणजे रेखांश, उभा अक्ष म्हणजे अक्षांश, रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. मी घेतलेली प्रत २१,६०० बाय १०,८०० पिक्सेलची होती, म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक मिनिट कोनाचा, विषुववृत्तावर सुमारे १.८५ किलोमीटर. इथे सूत्र वगैरे काही लागत नाही, नुसतं भागायचं.

भिंतनकाशावर वृत्तजाळी, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या रेघांची जाळी, छापलेली होती. रेखावृत्तं सरळ, उभी आणि समान अंतरावर, म्हणजे दंडगोलाकार कुळातलं प्रक्षेपण हे उघड होतं. पण त्या कुळात कोणतं, हे ओळखायला एक मोजमाप पुरतं. विषुववृत्तापासून ६० अंशांपर्यंतचं अंतर मोजायचं, विषुववृत्तापासून ३० अंशांपर्यंतचं मोजायचं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर २ आलं तर प्लात कारे किंवा त्याचा भाऊबंद. २.४० आलं तर मर्केटर, २.२२ आलं तर मिलर, २.१५ आलं तर गॉलचं स्टिरिओग्राफिक. १.७३ आलं तर समक्षेत्र दंडगोल. मग त्यात पीटर्स की बेअरमान की लॅम्बर्ट हे पूर्ण नकाशाच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणावरून कळतं. हे आकडे त्या त्या सूत्रात ३० आणि ६० घालून कुणालाही काढता येतील. मी ते एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले आहेत. माझ्या भिंतनकाशाचं उत्तर २.४० च्या अगदी जवळ आलं. मर्केटर.

जुन्या मर्केटर नकाशांची आणखी एक खोड लक्षात ठेवावी लागते. ते वर-खाली सारखे कापलेले नसतात. माझा वर ८० अंश उत्तरेपर्यंत आणि खाली ६५ अंश दक्षिणेपर्यंत होता, त्यामुळे विषुववृत्त चित्राच्या मध्याच्या बरंच खाली होतं. चित्राचा मध्य म्हणजे शून्य अक्षांश असं धरून चालणारी साधनं इथे सगळं जग कित्येक अंश सरकवून ठेवतात. शिवाय कागद काळानुसार आकसतो, आणि आडवा-उभा सारखा आकसत नाही. म्हणून आडव्या आणि उभ्या दिशेचं प्रमाण वेगवेगळं धरलं आणि जाळीच्या छेदनबिंदूंवरून दोन्ही काढलं. जाळी छान बसली. किनारे मात्र सगळे एकाच बाजूला सरकलेले राहिले, कुठेही गेलं तरी सव्वादोन अंशांहून किंचित जास्त. सगळीकडे तेवढीच चूक आली की ती मोजण्यातली नसते, मूळ संदर्भातली असते. नकाशाच्या खालच्या चौकटीत बारीक अक्षरात उत्तर होतं: रेखांश पॅरिसपासून मोजलेले. ग्रीनिचला जगाचं मूळ रेखावृत्त मानायचं हे १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं, पण फ्रान्सने पॅरिस सोडलं ते १९११ मध्ये. पॅरिसचं रेखावृत्त ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं १४ सेकंदांवर आहे. विषुववृत्तावर हे अंतर सुमारे २६० किलोमीटर भरतं. प्रत्येक रेखांशात तेवढी भर घातली आणि किनारे जागेवर आले.

उरलेले दोन नकाशे लंबगोल कुळातले. या कुळात नजरेनेच बरंच कळतं. ध्रुव हा एक बिंदू आहे की आडवी रेघ? बिंदू असेल आणि ९० अंशांची डावी-उजवी रेखावृत्तं मिळून अचूक वर्तुळ होत असेल तर मॉलवाइड. रेघ असेल तर अक्षवृत्तं बघायची: ती सरळ असतील तर रॉबिन्सन, एकर्ट वगैरे, हलकी वाकलेली असतील तर विंकेल त्रिपेल. एकर्टच्या चौथ्या प्रक्षेपणात ध्रुवाची रेघ विषुववृत्ताच्या निम्मी असते आणि नकाशाची बाहेरची कड अर्धवर्तुळ असते. रॉबिन्सनची ध्रुवरेघ ०.५३ पट. फरक बारीक आहे, पट्टी लावल्याशिवाय दिसत नाही. वनस्पतींचा नकाशा रॉबिन्सन निघाला.

लोकसंख्येच्या नकाशावर वृत्तजाळीच नव्हती. नुसते किनारे आणि रंग. अशा वेळी ज्यांचे अक्षांश-रेखांश पक्के ठाऊक आहेत अशी टोकं शोधावी लागतात: जिब्राल्टर, केप हॉर्न, केप अगुल्हास, कामचटकाचं दक्षिण टोक. मी शक्यतो खडकाळ भूशिरं निवडते. नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांचे किनारे सरकतात आणि नकाशा काढणाराही तिथे हात सैल सोडतो. टोकं नकाशाभर पसरलेली हवीत, विशेषतः कडेला, कारण मध्यभागी सगळी प्रक्षेपणं एकमेकांसारखीच दिसतात. मग प्रत्येक संभाव्य प्रक्षेपण घ्यायचं, त्याच्या सूत्राने ही टोकं कुठे पडायला हवीत ते काढायचं, आणि प्रत्यक्ष जागांशी फरक कमीत कमी होईल अशा रीतीने प्रमाण, सरक आणि मध्य रेखावृत्त संगणकाकडून शोधून घ्यायचं. रॉबिन्सन धरल्यावर मध्यभाग बसला, पण अलास्का आणि न्यूझीलंडकडे फरक वाढत गेला. विंकेल त्रिपेल धरल्यावर सगळीकडचा फरक दोन-एक पिक्सेलवर आला. ओस्वाल्ड विंकेलने १९२१ मध्ये मांडलेल्या या प्रक्षेपणात एक प्रमाण अक्षांश असतो, तो नकाशा काढणाऱ्याने निवडायचा. त्याचा स्वतःचा ५० अंश २८ मिनिटांचा, पण ४० अंश घेऊन छापलेले नकाशेही आहेत. म्हणून तो आकडाही मी मोकळा सोडला होता. तो विंकेलच्याच आकड्यावर येऊन थांबला.

मध्य रेखावृत्त मात्र शून्य आलं नाही. ते ११ अंश पूर्व आलं, आणि का, हे कळल्यावर मला त्या अनाम नकाशाकाराबद्दल आदर वाटला. मध्य शून्यावर ठेवला तर नकाशा १८० अंशांवर कापला जातो, आणि ती रेघ सायबेरियाच्या पूर्व टोकाचा, चुकोटकाचा, तुकडा पाडते. तो तुकडा मग अलास्काच्या डावीकडे एकटाच लोंबत राहतो. मध्य १० वर नेला तर कड १७० पश्चिमेवर येते. पण आशियाचं शेवटचं टोक, केप देझन्योव, १६९ अंश ३९ मिनिटं पश्चिमेवर आहे, ते थोडक्यात कापलं जातं. ११ वर नेला की कड १६९ पश्चिमेवर येते, आणि अलास्काच्या मुख्य भूमीचं टोक सुरू होतं १६८ अंश ५ मिनिटांवर. म्हणजे ती रेघ बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या पाण्यातून अलगद जाते आणि दोन्ही खंडांची मुख्य भूमी अखंड राहते. माझ्या अंतिम नकाशाचा मध्यही मी तिथल्या तिथे ११ पूर्व ठरवला.

आता प्रत्यक्ष बदल. तयार साधनं आहेत आणि ती चांगली आहेत. नासाच्या गॉडर्ड संस्थेचं ‘जी.प्रोजेक्टर’ शेकडो प्रक्षेपणं देतं, पण त्याला आत घालायचं चित्र प्लात कारे लागतं. माझ्या चारांतलं एकच तसं होतं. ‘जीडॅल’ हे मुक्त साधन कुठल्याही प्रक्षेपणातून कुठल्याही प्रक्षेपणात नेतं. आतली गणितं ‘प्रोज’ नावाच्या संगणकीय सूत्रसंग्रहाची, ज्याची सुरुवात जेराल्ड इव्हेन्डेनने अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात केली. फक्त जीडॅलला मूळ चित्राच्या चार कडा मीटरमध्ये सांगाव्या लागतात. पूर्ण रॉबिन्सन नकाशा असेल तर मध्यापासून उजवी कड १,७०,०५,८३३ मीटरवर आणि वरची कड ८६,२५,१५५ मीटरवर, पृथ्वीची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरून. या आकड्यांत चित्राभोवतीचा पांढरा समास धरायचा नसतो. समास आधी कापून टाकायचा. मला रंगांचे नमुने घेण्याची पद्धत स्वतःच्या हातात हवी होती म्हणून मी ती पायथन या संगणकभाषेत आपली आपण लिहिली, आणि पडताळ्याला जीडॅल ठेवलं.

विचार कुठल्या दिशेने करायचा हा या सगळ्यातला कळीचा भाग. मनात पहिल्यांदा येतं ते असं: मूळ चित्राचा एकेक पिक्सेल उचला, तो नव्या नकाशात कुठे जातो ते काढा, तिथे टाका. फरक डोळ्यांनी दिसावा म्हणून मी मर्केटर नकाशावर हे मुद्दाम करून पाहिलं. उत्तरेकडे एकेका जागी तीस-तीस पिक्सेल येऊन पडले, त्यातला शेवटचा तेवढा टिकला. विषुववृत्ताजवळ उलट झालं: पुरेसे पिक्सेलच नव्हते, आणि मध्य आफ्रिकेची चाळणी झाली. म्हणून उलट्या दिशेने जायचं. नव्या नकाशाच्या प्रत्येक पिक्सेलला विचारायचं, तू पृथ्वीवर कुठे आहेस? अक्षांश-रेखांश मिळाले की ते मूळ चित्रात कुठे पडतात ते काढायचं आणि तिथला रंग आणायचा. असं केलं की एकही जागा रिकामी राहत नाही.

यात एक मोठा फायदा दडलेला आहे, आणि तो लक्षात आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. उलट्या दिशेने जाताना नव्या प्रक्षेपणाचं व्यस्त सूत्र (नकाशावरच्या जागेवरून अक्षांश-रेखांश काढणारं) लागतं, पण जुन्याचं सरळ सूत्रच (अक्षांश-रेखांशांवरून जागा काढणारं) पुरतं. विंकेल त्रिपेलचं व्यस्त सूत्र नेमक्या स्वरूपात मिळत नाही, ते चाचपडत काढावं लागतं. मला त्याची गरजच पडली नाही. सरळ सूत्र दोन ओळींचं आहे, फक्त नकाशाच्या बरोबर मध्यावर शून्याला शून्याने भागलं जातं, तेवढी जागा वेगळी हाताळायची. रॉबिन्सनला तर सूत्रच नाही, दर ५ अंशांचा एक तक्ता आहे: विषुववृत्ताची लांबी १ धरली तर ४५ अंशांवर ०.८९६२, ६० अंशांवर ०.७९८६, ध्रुवावर ०.५३२२. मधले आकडे प्रत्येक संगणक-प्रणाली आपापल्या पद्धतीने भरते, म्हणून दोन ठिकाणांहून काढलेले रॉबिन्सन नकाशे केसभर वेगळे निघू शकतात. मी तक्त्यातून गुळगुळीत वक्र नेला.

इक्वल अर्थचं व्यस्त सूत्रही थेट नाही, नवव्या घाताचं समीकरण न्यूटनच्या पद्धतीने सोडवावं लागतं. पण त्यात उभी जागा फक्त अक्षांशावर अवलंबून असते. म्हणजे समीकरण प्रत्येक पिक्सेलसाठी सोडवायला नको, प्रत्येक ओळीसाठी एकदा पुरे. माझा नकाशा ८००० पिक्सेल रुंद आणि ३८९४ उंच, एकूण तीन कोटींवर पिक्सेल. समीकरणं सोडवायची चार हजारांच्या आत. रेखांश १८० च्या बाहेर निघाला की ती जागा नकाशाच्या बाहेरची, ती पारदर्शक ठेवायची.

एक पथ्य मी सुरुवातीपासून पाळलं. चित्र आधी प्लात कारेमध्ये नेऊन जतन करायचं आणि मग तिथून पुढच्या प्रक्षेपणात, असा दोन टप्प्यांचा सल्ला सर्रास मिळतो. सोयीचा आहे, पण प्रत्येक टप्प्यावर रंग नव्याने मिसळतात आणि किनारे मऊ होतात. मधला मुक्काम आकड्यांचा असावा, चित्राचा नको. अक्षांश-रेखांश संगणकाच्या स्मृतीत येतात आणि जातात, रंग मात्र एकदाच उचलला जातो. मूळ चित्र न बदलता बाजूला ठेवायचं आणि प्रत्येक नव्या प्रक्षेपणासाठी पुन्हा तिथूनच निघायचं.

जागेच्या हिशेबात अर्धा पिक्सेलही राखावा लागतो. पिक्सेल हा बिंदू नसून छोटा चौकोन आहे, त्याचे अक्षांश-रेखांश त्याच्या मध्यावर घ्यायचे, कोपऱ्यावर नाही. एकट्या नकाशावर हे कुणाला दिसणार नाही. दोन थर एकावर एक ठेवले की सगळे किनारे एकाच दिशेला दुहेरी दिसतात. तसंच उपग्रहचित्राच्या शिवणीचं. ते १८० अंशांवर कापलेलं, माझा नकाशा १६९ पश्चिमेवर. त्यामुळे मूळ चित्राची डावी-उजवी कड माझ्या नकाशाच्या आत येत होती, चुकोटकावरून आणि फिजीच्या तावेउनी बेटावरून. शेजारच्या पिक्सेलशी रंग मिसळताना उजव्या कडेनंतर पुन्हा डावी कड घ्यायला सांगितलं नाही, तर तिथे एक बारीक काळसर रेघ पॅसिफिकभर उभी राहते.

रंग कसा उचलायचा हे नकाशागणिक बदलतं. भिंतनकाशाच्या वरच्या भागात नव्या एका पिक्सेलसाठी जुने तीसेक पिक्सेल होते. त्यातला एकच उचलला तर बारीक रेघा तुटतात, जाळी ठिपक्या-ठिपक्यांची दिसते. म्हणून प्रत्येक पिक्सेलचे सोळा भाग करून सोळा ठिकाणचे रंग आणले आणि सरासरी काढली. ही सरासरी फाइलीतल्या आकड्यांची काढायची नाही, प्रकाशाची काढायची. काळा शून्य आणि पांढरा २५५, यांची साधी सरासरी १२७.५ येते, पण निम्म्या प्रकाशाचा फाइलीतला आकडा १८८ च्या आसपास असतो. साध्या सरासरीने पांढऱ्या समुद्रावरच्या काळ्या रेघा जाड आणि मळकट होतात. मी आकडे आधी प्रकाशात बदलले, सरासरी काढली, मग परत फिरवले. किनारा लगेच निवळला.

वनस्पतींच्या नकाशाला मात्र ही कुठलीही सरासरी चालत नाही. त्यात रंग म्हणजे वर्ग. समजा २ म्हणजे गवताळ प्रदेश, ३ म्हणजे पर्जन्यवन, ४ म्हणजे वाळवंट. गवत आणि वाळवंट यांच्या सीमेवर सरासरी काढली की ३ येतो, आणि सहाराच्या दक्षिणेला पर्जन्यवनाची एक पातळ पट्टी उगवते. चित्र गुळगुळीत, देखणं, आणि साफ खोटं. आकड्यांऐवजी रंगांची सरासरी काढली तरी तेच, सूचीत नसलेले नवे रंग तयार होतात. इथे सर्वांत जवळचा पिक्सेल घ्यायचा, किंवा सोळांपैकी ज्या वर्गाची मतं जास्त तो. मी बहुमत घेतलं. त्याआधी जेपीजीने किनाऱ्यांवर उडवलेली धूळ काढण्यासाठी प्रत्येक पिक्सेल सूचीतल्या सर्वांत जवळच्या रंगावर आणून बसवला. लोकसंख्येच्या नकाशातही घनतेचे पट्टेच होते, त्याला हाच नियम.

चारही थर तयार झाल्यावर पडताळणी. ‘नॅचरल अर्थ’ या नकाशा-संग्रहाचे किनारे सगळ्यांना मोफत आहेत (इक्वल अर्थवाल्या टॉम पॅटरसनचा त्यातही हात आहे). ते रेषांच्या रूपात असल्याने प्रोजने थेट इक्वल अर्थमध्ये काढता येतात, चित्र ताणण्याचा प्रश्नच नाही. त्या रेघा प्रत्येक थरावर टाकल्या. उपग्रहचित्र इतकं नेमकं बसलं की रेघ आणि किनारा वेगळे दिसेनात. विंकेल त्रिपेलमधून आलेला थर पिक्सेल-दोन पिक्सेल इकडे-तिकडे. भिंतनकाशा काही ठिकाणी दहा पिक्सेलपर्यंत हलला, विशेषतः आर्क्टिकमध्ये, पण तिथे दोष त्या काळच्या सर्वेक्षणाचा आहे. तो मी दुरुस्त केला नाही, करूही नये. मग क्षेत्रफळ. ग्रीनलँड आणि आफ्रिका वेगवेगळ्या रंगांनी भरून पिक्सेल मोजले. मर्केटरवर ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीस तोड दिसतं. नव्या नकाशात आफ्रिकेचे पिक्सेल ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट भरले. प्रत्यक्षातही आफ्रिका तीन कोटी चौरस किलोमीटरवर आणि ग्रीनलँड साडेएकवीस लाखांच्या थोडं वर, म्हणजे तेवढंच.

थर चालू-बंद करता करता जे बघायचं होतं ते दिसलं. चिली-पेरूच्या किनाऱ्याने उत्तरेकडे चढणारा हम्बोल्ट प्रवाह आणि त्याला चिकटून अटाकामाची पिवळी पट्टी. आफ्रिकेच्या नैऋत्येला बेंग्वेला आणि त्याच्या काठाला नामिब. दोन्ही ठिकाणी लोकसंख्येचा थर जवळपास कोरा. प्रवाह मर्केटरमधून, वनस्पती रॉबिन्सनमधून, माणसं विंकेल त्रिपेलमधून, आणि तिघांचा किनारा एक.

भिंतनकाशावरच्या अक्षरांचं काम शेवटी उरलं. प्रवाहांचे बाण नव्या नकाशात वाकलेले दिसतात, पण तिथल्या वृत्तजाळीच्या हिशेबाने त्यांचा रोख अजून बरोबर आहे, म्हणून ते राहू दिले. कोपऱ्यातली मापपट्टी आणि होकायंत्राचं फूल काढून टाकलं. मर्केटरमध्ये ती पट्टी एकाच अक्षांशावर खरी होती, इथे कुठेच नाही. सूची आधीच कापून वेगळी ठेवली होती, नाहीतर ती दक्षिण पॅसिफिकमध्ये तिरकी वितळली असती. नावांचं मात्र काही करता येईना. आर्क्टिक महासागराचं मोठ्या अक्षरांतलं नाव चपटं होऊन पसरलं होतं, कडेची नावं तिरकी झाली होती, आणि सरळ करायला गेलं की खालचा किनारा पुसला जायचा. ती नावं समुद्राच्या रंगाने भरून टाकली, प्रत्येक नाव त्याच्या अक्षांश-रेखांशासह एका साध्या मजकूर-फाइलीत उतरवलं, आणि सगळं झाल्यावर त्यातून नव्याने उमटवलं. त्याच फाइलीच्या डोक्यावर चारही चित्रांची नोंद आहे: प्रक्षेपण, मध्य रेखावृत्त, मूळ रेखावृत्त, कडा, प्रमाण अक्षांश. पुढच्या वेळी मॉलवाइड हवं झालं तर एक ओळ बदलायची, आणि हम्बोल्टचं नाव नव्या जागी सरळ अक्षरांत येईल.